बाबांच्या वहीतली दोन प्रश्नचिन्हं

बाबांची नाण्यांची वही दोनशे पानी होती, पुठ्ठ्याच्या बांधणीची. प्रत्येक पानावर फूटपट्टीने आखलेले पाच रकाने: नाणं, टाकसाळ, कितीला घेतलं, कुठे ठेवलं आणि शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच असे. कुठे ‘डाग आहे’, कुठे ‘डबीचं झाकण सैल’. संपूर्ण वहीत फक्त दोनच ओळींपुढे त्यांनी शेऱ्यात ‘प्रूफ?’ असं लिहिलं होतं.

बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांची नाण्यांची ट्रंक आईच्या खोलीत, पलंगाखाली तशीच होती. ती २०२३ च्या उन्हाळ्यात उघडली, त्याला कारण झालं ताईच्या मुलाचं शिक्षण. त्याला जर्मनीला जायचं होतं आणि पैशांची जुळवाजुळव चालली होती. एका नाणेप्रदर्शनात ताईला कोणीतरी सांगितलं, “प्रूफ नाणी आहेत ना? मग तशीच विकू नका. अमेरिकेत पाठवून ग्रेडिंग करून घ्या, दहापट भाव येतो.” ताईने रात्री फोन केला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि बाबांच्या मागे बसून नाणी बघायची सवय घरात मलाच होती, त्यामुळे “तू ठरव” असं म्हणून तिने ते माझ्यावर सोपवलं. आईने एकच अट घातली, “देव्हाऱ्यातलं गांधींचं नाणं सोडून काय ते करा.”

ठरवायला मला जवळजवळ पाच महिने लागले.

वहीत प्रूफ नाण्यांच्या एकोणीस नोंदी होत्या. पहिल्या पानांवर काही शिवराया होत्या, त्यांचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि बाबांनी जमवलेल्या तांब्याच्या शिवराया मला तशाही कुठे पाठवायच्या नव्हत्या. उरलं ते सगळं स्वतंत्र भारताचं. १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं, सत्तरच्या दशकातली ‘सब के लिए अनाज’वाली मोठी चांदीची नाणी, आणि मग एकदम २००७ नंतरचे सेट: टिळक, रिझर्व्ह बँकेची पंच्याहत्तर वर्षं, टागोर, आंबेडकर. हे नवे सेट बाबा डिमांड ड्राफ्ट काढून टाकसाळीकडे नोंदवायचे आणि प्रत्येकाचे दोन घ्यायचे, एक ताईचा, एक माझा. पार्सल येईपर्यंत कित्येक महिने जायचे. ते आलं की बाबा पोस्टमनला चहा दिल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत.

प्रूफ म्हणजे काय, हे मला वाटत होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. मी समजत होते की प्रूफ म्हणजे उत्तम दर्जाचं नाणं. वास्तविक तो दर्जा नव्हे, ती घडवण्याची पद्धत. ठसा आणि कोरी चकती दोन्ही आधी चकचकीत केलेली, ठशातला चित्राचा भाग मात्र मुद्दाम खरखरीत ठेवलेला, आणि एकेक नाणं जास्त दाबाने किमान दोनदा छापलेलं. म्हणून मोकळी जागा आरशासारखी आणि चेहरा, सिंह, अक्षरं दहिवरासारखी पांढुरकी. या विरोधाला ग्रेडिंगवाले, म्हणजे नाणं कितपत चांगलं राहिलंय ते तपासून त्याला आकडा देणारे, कॅमिओ म्हणतात, आणि तो दोन्ही बाजूंनी जोरदार असला तर अल्ट्रा कॅमिओ किंवा डीप कॅमिओ. पुढे त्या नाण्याला ओरखडे पडले, ते खिशात फिरलं, तरी ते प्रूफच राहतं. फक्त आकडा खाली येतो.

तो आकडा १ ते ७०. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी बसवली. हिशेब असा की सर्वांत झिजलेलं नाणं १ आणि त्याच्या सत्तरपट किमतीचं ते ७०. किमतीचा तो हिशेब केव्हाच मागे पडला, आकडे मात्र राहिले. पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या. पहिली १९८६ मध्ये आणि दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून नाणं तपासून, आकडा देऊन, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देण्याची रीत रुळली. त्या पेटीला सगळे स्लॅब म्हणतात.

मी आधी दहापट भिंग विकत आणलं आणि पहिल्याच रात्री निराश झाले. दहापटीत प्रत्येक नाण्यावर काही ना काही दिसतंच. मग वाचलं की ७० साठीची कसोटी पाचपट भिंगाची आहे: पाचपटीत घडणीनंतरचा एकही दोष दिसता कामा नये. म्हणून पाचपटीचं भिंग आणलं. नाणं बघायची एक पद्धत असते, ती हळूहळू हाताला बसली. खोलीत अंधार, टेबलावर एकच साधा दिवा, खाली घडी घातलेला जाड टॉवेल. नाणं फक्त कडेने धरायचं आणि दिव्याखाली सावकाश कलतं करत फिरवायचं. वर बोलायचं नाही, थुंकीचा अदृश्य थेंबही वर्षभराने डाग होऊन उगवतो. आरसा काळा पडला की त्यात केसासारख्या बारीक रेषा क्षणभर चमकतात आणि नाहीशा होतात. त्या हेअरलाइन. प्रूफ नाण्याचा आकडा ठरतो तो बहुतांशी त्यांच्यावर.

सत्तरच्या दशकातल्या नाण्यांवर त्या रेषा होत्या. एकाच दिशेने गेलेल्या, समांतर, सगळ्या नाण्यांवर सारख्या.

त्या कशाने पडल्या हे मला भिंगाशिवाय माहीत होतं. दर दसऱ्याला बाबा ट्रंक काढून आम्हा दोघींना समोर बसवायचे आणि आजोबांच्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक नाणं पुसून परत ठेवायचे. एका हातात नाणं, दुसऱ्या हाताचा अंगठा वरून खाली. धोतराचं कापड आपल्या बोटांना लोण्यासारखं लागतं, पण प्रूफच्या आरशाला त्यातला धुळीचा एक कणही पुरतो. मी दिवा बंद केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ग्रेडिंगच्या भाषेत या नाण्यांवर ‘क्लीन्ड’ असा शेरा येऊ शकतो, म्हणजे आकडा न देता ‘डीटेल्स’ म्हणून परत. वीस-पंचवीस दसरे ते नाणी जपत होते.

दुसरी अडचण वास घेतल्यावर कळली. ती मोठी नाणी बाबांनी ऐंशीच्या दशकात एका अल्बममध्ये ठेवली होती, मऊ पारदर्शक कप्प्यांचा. पान उलटलं की नव्या रेनकोटसारखा वास. तो पीव्हीसीचा. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ वर्षांनुवर्षं पाझरतात, आणि पीव्हीसीचं विघटन होताना सुटणारं आम्ल धातूला लागतं. चार नाण्यांवर हिरवट, चिकट साय आली होती, विशेषतः सिंहांच्या आयाळीत आणि अक्षरांच्या खोबणीत. त्यात ५० टक्के चांदी, बाकीच्यात तांबं भरपूर. हिरवा रंग त्या तांब्याचा.

इथे माझा विषय कामी आला. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अॅसिटोन आणलं. नखपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात रंग, सुगंध आणि तेलं असतात. दोन काचेची पसरट भांडी, खिडक्या उघड्या, गॅस बंद, आईला सांगून देव्हाऱ्यातली निरांजनही शांत केली. एकेक नाणं पहिल्या भांड्यात काही मिनिटं, मग दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये बुचकळून काढायचं आणि कडेवर उभं करून वाळू द्यायचं. घासायचं नाही, टिपायचंही नाही. अॅसिटोन चांदीला काही करत नाही, फक्त ती साय विरघळवतं. तीन नाणी लख्ख निघाली. चौथ्यावरची साय गेली, पण तिच्याखाली आरसा खडबडीत झाला होता. आम्लाने धातूच खाल्ला होता. तिथे उपाय नाही. ज्यांच्याकडे असे जुने अल्बम आहेत त्यांनी हे वाचून आज रात्रीच पानं काढून नाकाला लावून बघावीत. ग्रेडिंगचं पुढे बघता येईल, पण साय थांबत नाही. आणि सायीसकट नाणं पाठवलं तर ते आकड्याविना किंवा पेटीत न घालताच परत येण्याची शक्यता असते. ते खर्च, ते टपाल, सगळं वाया.

वहीतल्या पहिल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर याच धुण्यात मिळालं. ते होतं १९७४ चं पन्नास रुपयांचं नाणं, ‘नियोजित परिवार’वालं. हे बाबांनी सेटमधून नाही, फोर्टच्या फुटपाथवर सुटं घेतलं होतं, त्यामुळे प्रूफ की साधं कोरं, ही शंका. त्या काळात मुंबईच्या नेहमीच्या नाण्यांवर हिऱ्याची बारीक खूण असे आणि प्रूफवर त्याऐवजी ‘बी’. (शहराचं नाव बदलल्यावर ‘बी’चा ‘एम’ झाला.) सालाजवळची ती जागा इतकी वर्षं हिरव्या सायीखाली झाकलेली होती. अॅसिटोनमधून नाणं निघालं, भिंग लावलं, आणि तिथे स्वच्छ ‘बी’ होता. मी आईला हाक मारून दाखवला. तिला काही दिसलं नाही, पण ती हसली. त्या नाण्याला आता अमेरिकेला पाठवून काय विचारायचं होतं? ते प्रूफ आहे हे कळलं होतं, ते पुसलेलं आहे हेही कळलं होतं.

मग राहिले नवे सेट, आणि खरा मोह तिथेच होता. टिळकांचं शंभर रुपयांचं नाणं, टागोरांचं दीडशेचं, आंबेडकरांचं सव्वाशेचं. यांना धोतर लागलं नव्हतं, कारण ती टाकसाळीच्या पारदर्शक डब्यांतून कधी बाहेरच आली नव्हती. ४४ मिलिमीटरची, ३५ ग्रॅमची, दिव्याखाली धरली की आरशात माझ्या खोलीचं छत दिसत होतं. ही ६९ किंवा ७० येऊ शकतील असं मलाही वाटायला लागलं. ताईने हिशेब करूनच ठेवला होता.

मी फोर्टमधल्या एका व्यापाऱ्याकडे गेले, जे अशी नाणी गोळा करून एकत्र पाठवतात. माणूस सरळ होता. तपासणीची फी, जाण्यायेण्याचं टपाल, विमा, कर, त्यांची दलाली, हे सगळं धरून एका नाण्यामागे साडेचार हजारांच्या आसपास पडत होतं. टिळकांच्या सेटमध्ये दोन नाणी. दोन्ही पाठवली तर खर्च जवळजवळ सेटच्या किमतीइतकाच. ते म्हणाले, “मॅडम, ७० आला तर आनंद आहे. ६९ आला तर तुमचे पैसे तुम्हाला परत मिळाले समजा. ६८ आला तर सेट मोडल्याचा पश्चात्ताप.” सेट मोडल्याचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्लॅबसाठी नाणं डबीतून काढावं लागतं, आणि मग टाकसाळीची पेटी आणि आतली माहितीची पुस्तिका रिकामी उरते. आपल्याकडे या सेटचे गिऱ्हाईक बहुतेक सगळे पेटीसकट मागणारे.

घरी येऊन मी ग्रेडिंग कंपन्यांच्या संकेतस्थळांवरची गणना बघितली. कोणत्या नाण्याला कोणता आकडा किती वेळा दिला, हे तिथे सगळ्यांना बघता येतं. आपल्या नव्या प्रूफ नाण्यांपुढचे आकडे इतके लहान होते की छाती धडधडली. जगात एवढीच? विक्रेते जाहिरातीत हेच ठळक करतात. दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर उलगडलं की ती नाण्यांची संख्या नव्हे, ती पाठवणाऱ्यांची संख्या आहे. माझ्यासारखीच शेकडो घरं ट्रंका उघडायची राहिली आहेत. उद्या त्यांनी पाठवली की आजचा दुर्मीळ ६९ सामान्य होईल. आणि ही नाणी खोटी असल्याची शंका कोणी घेत नाही, टाकसाळीच्या पेटीत ती आहेतच. म्हणजे मी नऊ हजार देऊन फक्त ६९ की ७० एवढंच विचारणार होते. तो फरक माझ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मला जाणूनही घ्यायचा नव्हता. आणि कोणाला स्लॅब म्हणजे कायमची सुरक्षा वाटत असेल, तर तेही नाही. ती पेटी हवाबंद नसते. पुण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी स्लॅबजवळही ठेवावीच लागते.

ताईला हे पटलं नाही. “तू बाबांसारखीच, वस्तू हातातून सोडायची नाही,” असं ती म्हणाली आणि आम्ही आठवडाभर बोललो नाही. तिच्यावर पैशांचं ओझं होतं, माझ्यावर नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटी तीच म्हणाली, “माझ्या वाटणीचं टागोर पाठव. एकच. बघू तरी.” ते मला मान्य होतं. नाणं तिचं होतं.

आणि दुसरं प्रश्नचिन्ह.

ते १९५० चा एक रुपया. निकेलचा, अशोकस्तंभाचे सिंह एका बाजूला, गव्हाच्या लोंब्या दुसऱ्या. प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष. त्या वर्षीचे प्रूफ सेट मुंबईला काढले होते आणि ते फार थोड्यांकडे आहेत. बाबांनी हा सुटा रुपया १९८३ मध्ये चाळीस रुपयांना घेतला होता, विकणाऱ्याने ‘प्रूफ’ म्हणून दिलेला. चाळीस रुपये तेव्हा आमच्या घरात मोठी रक्कम होती, त्यावरून आई दोन दिवस अबोला धरून होती असं तीच सांगते. हे नाणं अल्बममध्ये नव्हतं. बटर पेपरच्या पुडीत, वर बॉलपेनने ‘हात लावू नये’. दसऱ्याला ते पुसलंही जायचं नाही. पुडी उघडून आम्हाला लांबून दाखवायचे आणि मिटायचे. ‘आपल्याकडे पहिल्या वर्षाचा प्रूफ रुपया आहे’ हे आम्ही दोघी शाळेत सांगत मोठ्या झालो.

मी त्याच्यावर तीन रविवार घालवले. शेजारी त्याच सालाचा साधा रुपया ठेवून ताडून बघितलं. आरसा होता, अक्षरांच्या मधल्या अरुंद जागेतही होता, आणि लोंब्यांचे दाणे सुटे, टोकदार होते. पण काठाशी, भिंगाखाली, किरणांसारख्या अतिसूक्ष्म रेषा बाहेर पळताना दिसायच्या. धातू ठशाच्या खोबणीत वेगाने पसरताना अशा रेषा उठतात, त्या नेहमीच्या छपाईच्या. नाणं कलतं केलं की चकाकी चाकासारखी फिरायची, तेही प्रूफचं लक्षण नव्हे. अगदी नव्या, नुकत्याच घासलेल्या ठशातून पडलेलं पहिल्या काही नाण्यांपैकी एखादं असं दिसू शकतं. मला उत्तर अंदाजाने माहीत होतं. पण आमच्या तिघींपैकी कोणी ते म्हटलं असतं तर बाकीच्या दोघींनी मानलं नसतं. मी म्हटलं असतं तर मीच मानलं नसतं.

ग्रेडिंग कशासाठी करायचं ते मला या नाण्यापाशी उमगलं. इथे आकड्याला महत्त्व नव्हतं. दिवसाला शेकडो प्रूफ नाणी हाताळणाऱ्या तीन-चार परक्या डोळ्यांनी बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं होतं, आणि ते उत्तर घरात कोणालाही नाकारता येणार नव्हतं. त्या एका उत्तरासाठी साडेचार हजार मला जास्त वाटले नाहीत.

नोव्हेंबरात दोन नाणी दिली. यादीवर प्रत्येकाची अंदाजे किंमत लिहावी लागते, त्यावर विमा ठरतो. रुपयापुढे काय लिहायचं यावर मी काउंटरशी दहा मिनिटं अडून राहिले. प्रूफची किंमत लिहू की साध्याची? शेवटी साध्याची लिहिली आणि सही केली. विमा कमी पडला असता तर पडला असता, पण माझा अंदाज मला खोडायचा नव्हता.

साडेचार महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस, ती परत आली. टागोर ६९, अल्ट्रा कॅमिओ. व्यापाऱ्याने जी किंमत देऊ केली ती सेटचा भाव अधिक झालेला खर्च, वर जेमतेम काही शेकडे. ताईने ते विकलं नाही. बाकीचे तिच्या वाटणीचे सेट तिने पेटीसकट, न मोडता, एका जुन्या संग्राहकाला दिले. भाचा सप्टेंबरात गेला. स्लॅबमधले टागोर त्याच्या बॅगेत गेले, ते ताईने त्याला परस्पर दिले होते, मला विमानतळावर कळलं.

रुपयाच्या लेबलवर ‘एमएस ६४’ होतं. एमएस म्हणजे नेहमीच्या छपाईचं, न वापरलेलं. प्रूफ नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती देव्हाऱ्यापाशी होती. गांधींचं दहा रुपयांचं नाणं तिने ताम्हनात घेतलं होतं. १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, तेही प्रूफच, पण पन्नासहून अधिक लक्ष्मीपूजनांत दुधाने न्हालेलं, अशोकस्तंभाच्या सिंहांभोवती कुंकू रुतलेलं. वहीत त्याच्या ‘कुठे ठेवलं’च्या रकान्यात ‘देव्हारा’ एवढंच आहे. “म्हणजे त्या माणसाने फसवलं का यांना?” आईने विचारलं. मी म्हटलं, “त्यालाही माहीत नसेल. मलाही तीन रविवार लागले.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “यांना शंका होती पण. नाहीतर कशाला लिहितील तसं.”

रात्री वही काढली. पान सत्तावीस, खालून तिसरी ओळ. बाबांचं अक्षर, निळी शाई, ‘प्रूफ?’ त्याच रकान्यात जेमतेम जागा होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि त्या प्रश्नचिन्हाला धक्का न लावता बाजूला बारीक लिहिलं: ‘नाही. एमएस ६४. मार्च २०२४.’ स्लॅब पुन्हा बटर पेपरच्या त्याच पुडीत मावेना, म्हणून पुडी स्लॅबला रबराने बांधून ट्रंकेत ठेवली.